आधीचे उपचार

आमच्या घरात दोन कार्डं आहेत, एक यांचं आणि एक माझं. यांनी फौजेत चोवीस वर्षं काढली आणि हवालदार होऊन घरी आले, म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत यांचं नाव. हे आहेत म्हणून माझं. माझ्या कार्डावर फोटोच्या बाजूला एक इंग्रजी शब्द छापलाय. त्याचा अर्थ 'आश्रित' असा होतो हे यांनी सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. चोवीस वर्षं वावर मी बघितलं, दोन लेकरं मी वाढवली, सासऱ्यांच्या मागे राहिलेली मेंढरं ठेवायची की विकायची ते मी ठरवलं, आणि आश्रित मी? हे म्हणाले, "अगं, कागदावरचं हाये त्ये. मनावर काय घेती?" मी मनावर घेतलं ते घेतलंच.

तरीही त्या कार्डाचे उपकार मी मानते, आणि ते माझ्या गुडघ्यांमुळे.

आमचं गाव महाळुंगे पडवळच्या अंगाला. कालव्याचं पाणी आल्यापासून सगळं शिवार कांद्याचं. लागवडीला आम्ही आठ घरच्या बायका सावडीनं जातो. म्हणजे आज सगळ्या मिळून एकीच्या वावरात, उद्या दुसरीच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही. पण नियम एकच, आणि तो कुणी लिहून ठेवलेला नसला तरी पक्का आहे. जी दुसरीच्या वाफ्यात बसते, तिलाच "उद्या माझ्याकडं या" म्हणायचा हक्क. लग्न होऊन आल्यापासून मी त्या सावडीत आहे. माहेर सोडल्यावर मला ज्यांनी 'आपली' म्हटलं त्या ह्याच बायका. घरातल्यांनी त्याला जरा जास्त वेळ घेतला.

दोन वर्षांपूर्वी लागवडीत मी दुपारी वाफ्यातून उठायला गेले आणि उठताच येईना. उजवा गुडघा अडकलेला, डावा त्याच्याहून वाईट. दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वावरात गेलो तर आमच्यातली सगळ्यात वयानं मोठी, जिला आम्ही थोरली म्हणतो, ती मला म्हणाली, "तू बांधावर बस बाई. रोपाच्या जुड्या सोडून दे आमाला." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जुड्या सोडायचं काम म्हातारीकोतारी करतात. मला ते इतकं लागलं की दुपारच्या भाकरीला मी थांबलेच नाही. त्या वर्षी माझ्या वावरात मी बाहेरगावच्या मजूर बायका लावल्या. पुढच्या वर्षीही तेच. सावडीतून मला कुणी काढलं नाही. बोलवायला तोंड राहिलं नाही म्हणून मीच बाहेर राहिले. माझ्याच वावरात अनोळखी बायका माझा कांदा लावत होत्या आणि मी बांधावरून बघत होते. असा राग मला आयुष्यात फार वेळा आला नाही.

हे म्हणायचे, "वय झालं आता. किती दिस वाफ्यात बसणार?" यांना काय जातंय बोलायला. यांचे मित्र पारावर बसतात, त्यांना गुडघा वाकवावा लागत नाही.

मग शिनोलीला एका साखरपुड्याला गेलो होतो. तिथे यांच्याच पलटणीतल्या एकाची बायको जेवणाच्या पंगतीत खाली मांडी घालून बसली. मागच्या वर्षी हीच बाई काठी घेऊन चालत होती. मी जेवण सोडून तिला धरलं. ती म्हणाली, "योजनेत आता आयुर्वेद बी बसतोय की. पॅनलवरचा दवाखाना हाये. धा दिवस ठिवून घेत्यात, तेल, शेक, समदं करत्यात. पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घ्यायची फकस्त."

घरी येताना मोटारसायकलवर मी यांना सांगितलं. हे वाऱ्यात ओरडून म्हणाले, "फौजेच्या खात्यातून काढा? काय बी सांगती ती!" फौजेतल्या औषधांवर यांचा फार विश्वास. डोकं दुखो, पोट दुखो, मन दुखो, तिथला नर्सिंगवाला एकच पांढरी गोळी द्यायचा आणि हे बरे व्हायचे, असं हे स्वतःच सांगतात. पण माणूस तसा चांगला. चार दिवस मी बोलले नाही तर पाचव्या दिवशी स्वतःहून म्हणाले, चल, पॉलिक्लिनिकला विचारून तरी येऊ.

यांची एक खोड मात्र इथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा पुढे संबंध येतो. हे कधी कुणाशी भांडत नाहीत. पण माझ्याशी भांडण झालं आणि आपण हरतोय असं दिसलं, की एक जुनं प्रकरण बाहेर काढतात. "लगीन झाल्यावर दुसऱ्या दिवाळीला म्हैन्याची सुट्टी काढून आलतो. सरहद्दीवरनं! आन् तू म्हायेरी जाऊन बसली. म्हैनाभर तोंड दावलं न्हाईस." एवढं झालं की मी गप्प बसायची. गप्प बसायची मला सवय नाही, त्यामुळे यांची खात्री पटलेली की ह्या बाबतीत तरी आपलंच खरं.

पॉलिक्लिनिक आमच्यापासून दोन एसट्या बदलून जावं लागतं इतकं लांब. तिथले डॉक्टर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, पिकल्या मिशांचे, बोलणं तुटक. त्यांनी माझ्या गुडघ्यांचे फोटो काढायला लावले, ते उजेडात धरून बघितले आणि म्हणाले, दोन्ही गुडघ्यांमधली जागा कमी झालीय, पुढेमागे ऑपरेशन लागेल, पण आज लगेच नाही. मी आयुर्वेदाचं विचारलं. हे शेजारी उभे राहून छताकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "हो, मिळतं. रेफरल देतो." हे छतावरून खाली आले.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "याआधी काही उपचार?"

"न्हाई," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"काईच न्हाई."

मी हे जरा ताठ मानेनंच म्हणाले. ऊठसूट दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांतली मी नाही, हे त्यांना कळावं एवढाच हेतू. खोटं बोलतेय असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. उपचार म्हणजे जिथे नंबर लागतो, चिठ्ठी मिळते, सुई टोचतात. घरी आपण जे करतो त्याला उपचार म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज घरी भाकरी खातो म्हणून हॉटेलात जेवतो असं कुणी सांगतं का? डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर तसं लिहिलं.

पॅनलवरचा आयुर्वेदाचा दवाखाना पुण्याच्या बाजूला. तिथे आम्ही पिशवी भरूनच गेलो, भरती व्हायच्या तयारीनं. दोन लुगडी, टॉवेल, यांचा दाढीचा डबा. तपासायला एक तरुण वैद्यबाई होती, माझ्या लेकीच्या वयाची. दोन वाक्यं बोलली तशी मी ओळखलं की ही जुन्नरकडची. माझं माहेर तिकडचंच, त्यामुळे मला एकदम हलकं वाटलं. तिनं मला खाटेवर बसवलं, लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायला लावलं आणि वाकून बघितलं. मग बोट ठेवून म्हणाली, "मावशी, हे काय?"

गुडघ्याभोवती गोल काळपट ठिपक्यांची रांग आहे. ती माझ्या इतकी अंगवळणी पडलीय की आहे हेसुद्धा मी विसरते.

"ते व्हय. बिब्ब्याचं हाये."

"आणि ही खूण?"

"डागलं व्हतं."

"पोटरीला हा दोरा कसला?"

"काळ्या मेंढीच्या लोकरीचा. वात उतरतो त्यानं."

"आणि चिठ्ठीवर लिहिलंय, आधीचे उपचार काही नाही?"

"दवाखान्याचं काय न्हाई. ह्ये तर घरचं."

ती इतकी हसली की तिला हातातला कागद खाली ठेवावा लागला. पण मग तिचा चेहरा बदलला. तिनं समजावून सांगितलं ते असं. योजनेतून दहा दिवस भरती करून घ्यायचं तर आधी साधे उपाय करून झालेत आणि त्यांनी गुण आलेला नाही, अशी नोंद चिठ्ठीवर लागते. माझी चिठ्ठी म्हणते की ह्या बाईनं काहीच केलेलं नाही. मग मंजुरी देणारा म्हणणार, आधी साधे उपाय करा, मग या. "तुम्ही परत पॉलिक्लिनिकला जा. सगळं सांगा, अगदी घरचंसुद्धा. कधी केलं, काय केलं, काय झालं. डॉक्टरांकडून लिहून आणा, मी लगेच घेते."

उठता उठता तिनं सहज विचारलं, "बिब्बा उतला नव्हता ना तुम्हाला?"

बिब्बा काहींच्या अंगाला सोसत नाही. फोड येतात, पाणी सुटतं, अंग सुजतं. त्याला आमच्याकडे बिब्बा उतला म्हणतात. हे माझ्या अगदी खांद्याशी उभे होते.

"न्हाई," मी म्हणाले. पॉलिक्लिनिकमध्ये खोटं बोलले ते अजाणता. हे मात्र जाणूनबुजून होतं.

भरलेली पिशवी तशीच घेऊन आम्ही परत आलो. एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. लागवडीला दोन महिने उरले होते. माझं रोप टाकायची वेळ आली होती आणि यंदाही परक्या बायका बघायच्या, एवढंच डोक्यात. हे मात्र भलतेच खुशीत होते. यांना काम मिळालं होतं. घर आल्याबरोबर यांनी नातवाची जुनी वही काढली, पट्टी घेतली आणि ओट्यावर बसून पानावर चार उभे रकाने आखले. कधी. काय केलं. कुणी केलं. परिणाम.

"हां, बोल," हे म्हणाले. पलटणीत हजेरी घेत असल्यासारखा आवाज.

मला साल काही आठवेना. मला आठवायचे ते यांचे मुक्काम.

"निरगुडीच्या पाल्याचा शेक. तुमी राजस्थानात व्हता तवा. मीच केला."

"परिणाम?"

"घटकाभर बरं वाटायचं."

यांनी लिहिलं, तात्पुरता आराम.

"एरंडाचं पान गरम करून बांधायची. थोरला पोटात व्हता. तुमी काश्मिरात."

"कुणी?"

"मीच. दुसरं कोण व्हतं?"

"डाग?"

"तुमच्या चुलत्यांनी. मेंढरांना डागायचे त्याच सळईनं. तुमी आसामात. धाकटी दोन वर्षांची व्हती, तिला दुसऱ्या खोलीत कोंडून ठिवली, मी वरडलेलं तिला कळू नये म्हणून."

यांनी लिहायचं थांबून माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं. पुढे मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेल्या गोळ्या निघाल्या. दहा वर्षं होत आली, लागवडीत आणि काढणीत रोज एक, कधी दोन. त्याही मी कुणाला सांगितल्या नव्हत्या, कारण दुकानातून आणलेली गोळी म्हणजे काय दवाखाना नव्हे. एकेक ओळ भरत गेली तसा यांचा हजेरीचा आवाज उतरत गेला. पानावरचा तिसरा रकाना बघून हे हळूच म्हणाले, "मला यातलं काय बी म्हाईत न्हाई." मी म्हणाले, तुम्ही इथे असता तर माहीत झालं असतं. ते मी टोचायला म्हणाले नव्हते. पण ते टोचलंच.

शेवटी हे म्हणाले, "ऱ्हायला बिब्बा. कधी?"

"दुसऱ्या वर्साला. हंडा घिऊन वढ्यात घसरले, गुडघा सुजला. तवा."

"कुणी?"

"आत्याबाईंनी." म्हणजे यांच्या आईनं. त्यांचं बिब्ब्यावर फार. मेंढी लंगडली तरी बिब्बा, सून लंगडली तरी बिब्बा. दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की ठिपके देत जायचं.

"परिणाम?"

त्या वैद्यबाईचा प्रश्न कानात होता. तिला काय द्यायचं आणि काय नाही हे ह्याच कागदावरून ठरणार, एवढी अक्कल मला होती. शेजारणीनं म्हशीची धार काढली, म्हैस गोठ्यात बांधली, तरी यांचा चौथा रकाना रिकामाच.

"अगं परिणाम काय? गुण आला का न्हाई?"

"उतला," मी म्हणाले.

"म्हंजी किती?"

मग मी सांगितलं. मांडीपर्यंत फोड आले. फोड खाजवलेल्या हातानंच तोंड पुसलं असेल, तोंड सुजलं, डोळे उघडेनात. आत्याबाईंनी तीळ-खोबरं वाटून लावलं तरी उतरेना. त्या घाबरल्या होत्या. चार दिवसांनी लेक सुट्टीवर येणार आणि सुनेचं हे असं ध्यान. त्यांनी माझ्या वडिलांना निरोप धाडला आणि मला रातोरात नव्हे, पण भल्या सकाळी माहेरच्या एसटीत बसवलं. आणि मीसुद्धा मुकाट्यानं गेले. एकोणीस वर्षांची होते, नवऱ्याला आपलं सुजलेलं तोंड दिसू नये असं मलाही वाटत होतं. बरी व्हायला महिना लागला. तोवर सुट्टी संपली होती.

यांनी पेन खाली ठेवलं. "मला आय म्हणली, रुसून गेली. आणाया जाऊ नको, डोक्यावर बसंल म्हणली."

"त्यांना दुसरं काय सुचलं नसंल."

"आन् मी इतकी वर्सं तुला त्येच सुनावतोय." मग जरा चिडूनच म्हणाले, "बोलली का न्हाईस?"

"तुमाला धाडायचं पत्र आधी तुमची आई मास्तरांकडून वाचून घ्यायची. त्यात काय लिहू? आन् नंतर त्यांनी माझी दोन बाळंतपणं केली, हाताचा पाळणा केला. मग काय सांगायचं? तुमच्या मायलेकरांत मी बिब्बा घालू व्हय?"

तोंडातून निघून गेलं आणि मग माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. आधी हे हसले. मग मी. पोट धरून हसलो दोघं, शेजारीण डोकावून गेली. हसता हसता हे उठले, नळावर गेले, बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मला खरं सांगायचं तर त्या घडीला फार बरं वाटलं. गुडघे दुखत होते तेवढेच दुखत होते, पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. यांची आई चांगली बाई होती, आणि हे सांगून टाकल्यावर मला ती आणखीच चांगली वाटायला लागली.

तोंड पुसून हे परत येऊन बसले. चौथ्या रकान्यात सुबक अक्षरात यांनी लिहिलं ते मी नंतर वाचलं. 'बिब्बा उतला. महिनाभर त्रास. पती गैरसमजात.'

पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी ते पान सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांच्या मिशा हलल्या. "हवालदार, हा रिपोर्ट तुम्ही लिहिला?"

"जी सर."

"चांगला आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही म्हणे काहीच नाही!" दहा वर्षांच्या गोळ्यांबद्दल मात्र ते माझ्यावर चांगलेच ओरडले. रक्त तपासल्याशिवाय मला उठू दिलं नाही. मूत्रपिंडं शाबूत निघाली तेव्हा यांचा जीव भांड्यात पडला, माझा आधीच पडलेला होता. नव्या चिठ्ठीवर आधीच्या उपचारांची इतकी मोठी यादी झाली की ती मागच्या बाजूला गेली. आणि ते वहीचं पान त्यांनी वर टाचणीनं जोडून दिलं.

वैद्यबाईनं आधी ते पानच वाचलं. वाचता वाचता तिनं पेन उचललं आणि मागच्या खेपेला लिहून ठेवलेल्या माझ्या औषधांच्या कागदावरची एक ओळ खोडली, मग त्याच्यावर आणखी एक रेघ मारली. म्हणाली, "मावशी, यात बिब्बा होता. मी तुम्हाला विचारलं होतं." मी खाली मान घातली. माझ्याऐवजी हेच म्हणाले, "चूक माजी हाये मॅडम. मी तितं उभा व्हतो." तिला काही कळलं नाही. मला कळलं.

मंजुरी आली आणि ते दहा दिवस मी राणीसारखे काढले. रोज सकाळी उडदाचं पीठ मळायचे, गुडघ्याभोवती त्याची पाळ करायचे आणि आत कोमट तेल ओतायचे. झाडाला पाण्यासाठी आळं करतात अगदी तसं. पहिल्या दिवशी मी पीठ लावणाऱ्या मुलीला विचारलं, ह्या पिठाचं नंतर काय करता? टाकून देतो म्हणाली. माझ्या जिवाला ते लागलं. दुपारी शेक, मग व्यायाम. जमिनीवरून कसं उठायचं ते वैद्यबाईनं मला नव्यानं शिकवलं. आधी एक गुडघा टेकवायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा, त्याच मांडीवर दोन्ही हात आणि मग वर. साठीला आले आणि उठायला शिकतेय म्हणून मला हसू यायचं. गोळ्या बंद. तेल, काढा आणि रोजचा व्यायाम घरी चालू. ती मला सोडताना स्पष्ट म्हणाली, गुडघे नवे झालेले नाहीत. घासलेलं ते घासलेलंच. जपून बसा, दर थोड्या वेळानं उठा. आणि लोकरीचा दोरा ठेवायचा तर ठेवा, त्यानं काही बिघडत नाही.

घरी आल्यावर व्यायाम चुकवायची सोय नव्हती. पहाटे हे समोर उभे राहून मोजायला लागायचे. फौजेतली चोवीस वर्षं यांना शेवटी माझ्यावर वापरायला मिळाली.

यंदा लागवडीची सुरुवात थोरलीच्या वावरापासून होती. मला कुणी बोलवलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. सकाळी थंडीत मी डोक्याला टापशी बांधली आणि सरळ तिच्या वावरात जाऊन उभी राहिले. मी आधीच सांगून टाकलं, "दर दोन वळींनी मी उठणार. मला टाईम लागंल. हात कुणी द्यायचा न्हाई."

"मंग उठ की," थोरली म्हणाली. "तुला कुणी धरून ठिवलंय?"

कडेचा वाफा घेऊन मी बसले. ओल्या मातीत बोट घालायचं, रोप दाबायचं, पुढे सरकायचं. हात काही विसरले नव्हते. दोन ओळी झाल्या. गुडघा टेकवला, पाय रोवला, मांडीवर हात ठेवले. पहिल्या खेपेला डोळ्यांपुढे अंधारी आली, पण उठले. शेजारच्या वाफ्यातली बघून न बघितल्यासारखं करत होती. दुपारपर्यंत मी किती वेळा बसले-उठले कोण जाणे. इतरांच्या मागे एक वाफा राहिला माझा. दुखलं? दुखलं की. पण दुपारची भाकरी मी त्यांच्यात बसून खाल्ली, आणि कांद्याच्या वासाच्या त्या हातांनी खाल्लेल्या भाकरीला जी चव होती ती दवाखान्यातल्या दहा दिवसांच्या जेवणाला नव्हती.

उन्हं कलली तशा आम्ही कालव्यावर हातपाय धुवायला उतरलो. उद्या कुणाकडं, परवा कुणाकडं, ही बोलणी तिथेच होतात. एकीनं आपलं नाव सांगितलं, दुसरीनं सांगितलं. मी पाण्यात हात घालून नखातली माती काढत होते. दोन वर्षं हे वाक्य मी म्हटलं नव्हतं.

"तिसऱ्या दिशी माझ्याकडं," मी म्हणाले.

थोरलीनं लुगड्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "रोप किती दिसाचं झालं तुजं?"

"दीड म्हैना वलांडला."

"आन् तिसऱ्या दिशी म्हणती व्हय? पार उफाड्याला जाईल त्ये." ती बाकीच्यांकडे वळली. "उद्या हिच्याकडं गं सगळ्यांनी."